चोवीस तास पाणी, टिल्लू पंप आणि “काळे केलेले कागद”

महालकर
काल मोहल्ल्याच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, “पाणी-सांडपाण्यावरचं संशोधन म्हणजे परिषदांसाठी काळे केलेले कागद. चोवीस तासांचा हट्ट सोडा, सकाळी दोन तास जोरात द्या. जास्त दिलं तर लोक नासतात.” तिथे उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

राजेहो, पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा पडतो. महालात जुन्या वाड्यांच्या नळजोडण्या नालीतूनच गेल्या आहेत. लोखंडी पाइप गंजून चाळणी झालेला, वरून गडरचं, म्हणजे गटाराचं, पाणी वाहतं. दाब संपला की तेच पाणी भोकांतून आत शिरतं आणि सकाळची पहिली बादली त्यानं भरते. ती फेकायची, हे आमच्या वाड्यात लहान पोरालाही ठाऊक होतं. आणि “नासतात” म्हणाल, तर नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी गाझियाबाद, जयपूर, पणजी आणि आपलं नागपूर अशा चार शहरांत मोजून पाहिलं आहे. गरजेपुरतं पाणी आधीच मिळत असेल, तर चोवीस तास दिल्यानं वापर फारसा वाढत नाही. 1958 पासून ही संस्था आपल्या गावात आहे आणि आपणच तिचं वाचत नाही.

हुडकेश्वरवाली
महालात बसून बोलून राहिले तुम्ही. धरमपेठेतला चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रकल्प सगळ्यांना दाखवतात, आमच्या गल्लीच्या टोकाला करंगळीएवढी धार, तीही पहाटे. मे महिन्यात टँकर आला की पाइपावरून भांडणं होतात, पोरी शाळा सोडून ड्रम भरतात. नमुने घेणारे जिथं पाणी येतं तिथूनच घेतात. आणि हो, मी टिल्लू पंप लावते, नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी मोटर. लावणारच.

महालकर
ताई, तुमचा टिल्लू पाइपातला उरलासुरला दाबही ओढून घेतो. शेजाऱ्याकडे गडरचं पाणी जातं ते त्याच्यानंच.

हुडकेश्वरवाली
शेजाऱ्यानंच पहिले लावला! सासूबाई अर्धांगवायूनं पलंगावर आहेत. त्यांचं रोजचं धुणं कशानं करू, सांगा न.

इतवारीकर
जप्त करा सगळे टिल्लू, जोडण्या कापा. एकाचं पाहून पूर्ण गल्ली लावते. आमच्या वरच्या मजल्यावर दोघं म्हातारे राहतात, त्यांना खालून कळशी नेऊन द्यावी लागते.

हुडकेश्वरवाली
म्हाताऱ्यांसाठी तुम्ही कळशी नेता, मी पंप लावते. माझी जोडणी कापायची काहून?

इतवारीकर
कारण तुमच्या पंपामुळेच कोणाला तरी कळशी न्यावी लागते!

जुना_पाणीवाला
थांबा बाप्पा. पाणीपुरवठ्यातच नोकरी केली मी. टिल्लू जप्त करून सुधारलेली एकही गल्ली पाहिली नाही. आठवड्यात नवा येतो. टोकाला दाब नसतो तो नळी अरुंद म्हणून, मागे वस्ती वाढली म्हणून, कधी झडप अर्धीच उघडलेली म्हणून. ते दुरुस्त झालं की पंप आपोआप माळ्यावर जातो.

महालकर, तुम्हीही अर्धंच सांगता. हुबळी-धारवाडचा अभ्यास वाचा, 2015 साली छापून आला. चोवीस तास पाणी मिळालेल्या वस्त्यांत टायफॉइड कमी दिसला, गरीब घरांतल्या पोरांमध्ये रक्ताची हगवणही कमी. पण एकूण लहान मुलांच्या जुलाबात फरक दिसला नाही. नुसत्या नळानं सगळं होत नाही.

अंबाझरीवासी
तेच म्हणतो. सगळे नळावर तुटून पडले, गडरचं कोण बोलणार? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात आली. ओसरल्यावर फरशीवर नुसता गाळ नव्हता, गडरची घाण होती. गाद्या जाळाव्या लागल्या. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, चांगलंच आहे. पण नदीत पडणारे नाले अजून वाहून राहिले.

महालकर
जुलाबाचं मान्य. गडर नीट नसेल तर नळ एकटा पुरणार नाही, हेही मान्य. म्हणून संशोधन फालतू ठरत नाही, उलट हे कळलंच त्याच्यातून. आणि ताई, टोकाच्या नळावर दाब मोजल्याशिवाय “चोवीस तास” लिहू नये, इथपर्यंत तुमच्यासोबत आहे. टिल्लूचं मात्र नाही.

हुडकेश्वरवाली
नका करू मान्य. मोजायला पहाटे पाचला या. सहाला धार बंद होते.