येझदीची टाकी गंजली, किक जाम

परळकर: १९८५ची येझदी रोडकिंग मोटरसायकल, दहा वर्षं चाळीच्या जिन्याखाली उभी. सुरुवात कुठून करू?

कुर्लावाला: किकवर उभे राहू नका, काहीतरी तुटेल. स्पार्क प्लग काढून भोकातून ५० मिली डिझेल सोडा, दोन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवा.

टूस्ट्रोक काका: टाकीचा पेट्रोल कॉक काढून भोक बुजवा, पांढरं व्हिनेगर काठोकाठ, २४ तास. नंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा नि आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) फिरवा. आपल्या दमट हवेत कोरडी टाकी सकाळपर्यंत पुन्हा तांबूस!

परळकर: पेट्रोलमध्ये ऑइल किती?

कुर्लावाला: लिटरला ४० मिली. कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) रबरी सील बदलाच. वाळलेल्या सीलमधून गिअर ऑइल ओढलं जातं, मग धूरच धूर.

टूस्ट्रोक काका: आणि रंगाआधी चासी नंबरवर टेप लावा. पावडर कोटिंगखाली नंबर बुजला की आरटीओत पंचाईत.