गुप्त संघटना नेमकी कोणती म्हणावी?

चर्चाप्रस्ताव
गुप्त संघटना म्हटले की फ्रीमेसनांचे, म्हणजे युरोपातील एका जुन्या बंधुमंडळाच्या सभासदांचे, नाव हमखास निघते आणि माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो. ज्यांच्या सभागृहाचा पत्ता गावाला ठाऊक असतो, बैठकीच्या वेळी ज्यांच्या दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन पहारेकरी उभा असतो, त्यांच्यात गुप्त काय, तर विधी आणि ओळखीच्या खुणा. माझ्या मते सभासदांची नावे दडवून राज्यकारभारावर वजन टाकणारी संघटनाच तेवढी गुप्त. इटलीतील ‘पी-टू’ पाहा. मार्च १९८१ मध्ये तिचा प्रमुख लिचो जेल्ली याच्याकडील झडतीत ९६२ नावांची यादी मिळाली. तीत मंत्री, सेनाधिकारी आणि गुप्तचर खात्यांचे प्रमुखही होते. ती प्रसिद्ध झाल्यावर सरकार पडले.

प्रतिसाद १
उदाहरण आपल्याच मुद्द्यावर उलटते. ‘पी-टू’ ही मुळात फ्रीमेसनांचीच शाखा होती. विधींपुरते मौन निरुपद्रवी, असे आपण धरून चालता; पण शपथ घेऊन गप्प राहण्याची सवय आधीच अंगवळणी पडलेली असल्यामुळेच जेल्लीला तयार माणसे मिळाली, असे मला वाटते.

प्रतिसाद २
नावे दडवणे हीच कसोटी धरली, तर ‘फिलिकी एतेरिया’लाही ‘पी-टू’च्या पंक्तीला बसवावे लागेल. १८१४ साली ओडेसात काही ग्रीक व्यापाऱ्यांनी ती स्थापली, तुर्की ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावाची तयारी तिनेच केली. ऑटोमन अमलाखाली सभासदाचे नाव फुटणे म्हणजे जिवाशी गाठ. सत्ताधाऱ्यांनी जनतेपासून लपणे आणि प्रजेने जुलमी सत्तेपासून लपणे यांना एकच नाव कसे देता येईल?

प्रस्तावक
नाव एकच, न्याय वेगळा. व्याख्येने निवाडा करू नये. शिवाय एतेरियाचे सूत्रधार स्वतःला ‘अदृश्य सत्ता’ म्हणवत आणि तिच्यामागे रशियाचा झार आहे, असा सभासदांचा समज होऊ देत. तसे काहीच नव्हते. हेतू उदात्त असूनही फसवणूक स्वतःच्याच माणसांची झाली.

प्रतिसाद १
मग कसोटी बदलायला हवी. वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने १७७६ मध्ये जर्मनीतील बव्हेरियात स्थापन केलेल्या ‘इल्युमिनाटी’ या गुप्त मंडळात सांकेतिक नावे चालत: तो स्वतः ‘स्पार्टाकस’, म्युनिक शहर ‘अथेन्स’. नवशिक्याने आपल्या मनातले दरमहा लिहून मोहोरबंद वर पाठवायचे, पण वर वाचतो कोण हे त्याला कळायचे नाही. बाहेरच्यांना काय दिसत नाही, यापेक्षा खालच्या पायरीवरच्या सभासदाला काय दिसत नाही, यावरून मी संघटनेची गुप्तता ठरवीन.