तीन गोळ्या चालू तरी बीपी १६० च्या वर, अल्डोस्टेरॉन (शरीरातलं मीठ सांभाळणारं हार्मोन) चेक करावं का?

प्रश्न: बहिणीचं वय ३४, बीपी काही केल्या खाली येत नाहीये, पोटॅशियम ३.१ आलंय, रात्री पायात गोळे येतात, सारखं लघवीला उठते. कुणाला अनुभव आहे का?

उत्तर १: नक्की करा! अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (किडनीतून येतं, अल्डोस्टेरॉन वाढवतं) दोन्ही एकाच वेळी तपासतात, रेनिन अगदी कमी आणि अल्डोस्टेरॉन जास्त आलं तर संशय पक्का. अल्डोस्टेरॉन जास्त झालं की किडनी मीठ धरून ठेवते नि पोटॅशियम बाहेर टाकते, म्हणून ते गोळे. डॉ. कॉन यांनी १९५५ मध्ये हा आजार (कॉन सिंड्रोम) मांडला, तरी अजून कित्येकांचा लक्षातच येत नाही, वाईट वाटतं.

उत्तर २: टेस्टआधी पोटॅशियम नॉर्मलला आणायला लागतं, नाहीतर अल्डोस्टेरॉन खोटं कमी दिसतं. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने बंद करू नका.

उत्तर ३: माझ्या आईला सीटीत ॲड्रिनलमध्ये (किडनीवरची ग्रंथी, हे हार्मोन तिथेच बनतं) गाठ दिसली, पण ऑपरेशनआधी दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांमधून रक्त घेऊन बघितलं, कारण गाठ एकीकडे नि हार्मोन दुसरीकडून असंही असतं. एकाच बाजूचं निघालं तर ती ग्रंथी काढतात, दोन्हीकडचं असेल तर गोळ्यांवर. एंडोक्रायनॉलॉजिस्टलाच (हार्मोनचे डॉक्टर) दाखवा ताई.