बाराशे वॅटचा मॉड्युलर एसएमपीएस ‘डोळे झाकून’ का घ्यायचा?

तारेवरची_कसरत

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘गेमिंग पीसी बांधताय? १२०० वॅट, प्लॅटिनम, फुल मॉड्युलर. डोळे झाकून घ्या, दहा वर्षं बघायला नको.’ वर त्याला भरभरून अंगठे. म्हणून हे लांबण. (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, प्लॅटिनम हा त्याच्या कार्यक्षमतेचा दर्जा, आणि फुल मॉड्युलर म्हणजे सगळ्या केबल काढता येणारा.)

डोळे उघडून आधी बेरीज करा. ५०७० टीआय हे ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट. ९८००एक्स३डी प्रोसेसरने कमाल ओढले तर १६२. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून साठेक. झाले सव्वापाचशे, तेही दोघं एकाच वेळी पूर्ण राबले तर, आणि गेममध्ये तसं सहसा होत नाही. ८५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर हा लोड साठ टक्क्यांच्या आसपास बसतो.

आता उलटी बाजू. नुसता ब्राउझर उघडा असताना हेच मशीन सत्तरेक वॅट खातं. १२०० च्या डब्याचे ते सहा टक्के. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची (गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम हे त्याचे चढते दर्जे) चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते; १० टक्क्यांची अट फक्त टायटॅनियमला आहे. म्हणजे दिवसातले निम्मे तास मशीन जिथे चालतं, तिथलं तुमच्या स्टिकरला काही माहीतच नाही.

आणि प्लॅटिनमची बचत? ५०० वॅटचा लोड, ५० टक्क्यांवर, २३० व्होल्टला गोल्ड ९२ टक्के आणि प्लॅटिनम ९४. भिंतीतून ५४३ विरुद्ध ५३२ वॅट. रोज चार तास चालवा, वर्षाला १७ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १७० रुपये. आठ हजार जास्त मोजले असतील तर ४७ वर्षांनी वसूल. नातवाला सांगून ठेवा.

बघायचं ते वेगळंच असतं. १२ व्होल्टवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, किती (मर्यादा १२० मिलिव्होल्ट, चांगला माल याच्या निम्म्याच्याही बराच खाली राहतो), पूर्ण वॅट ४० अंशांना दिलेत की ५० ला, ओव्हरपॉवर संरक्षण नेमकं किती वॅटवर वीज तोडतं. याबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही.

रेल_रोको

बेरीज छान. फक्त ती सरासरीची आहे. कार्ड सरासरीवर चालत नाही, उसळ्या मारतं. २०२० मध्ये ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली तेव्हा ७५०-८५० वॅटचे नामांकित एसएमपीएस गेमच्या मध्यात पटकन बंद पडत होते. सरासरी लोड मर्यादेत, पण काही मायक्रोसेकंदांची उसळी जवळपास दुप्पट, आणि संरक्षण तिलाच शॉर्ट समजून तोडायचं. तिथे १२०० वाला निवांत होता. शिवाय निम्म्या लोडवर पंखा फिरतच नाही किंवा रांगतो. शांततेची किंमत तुमच्या १७० रुपयांत धरलीय का?

तारेवरची_कसरत

२०२० चं गाऱ्हाणं आज सांगून काय उपयोग? त्यावर उपाय म्हणूनच २०२२ मध्ये एसएमपीएसचं एटीएक्स ३.० हे मानक आलं. त्यात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के उसळी १०० मायक्रोसेकंद झेलली पाहिजे अशी अट आहे. म्हणजे ३.० चा ८५० वॅटवाला १७०० झेलतो. जुन्या पिढीतल्या १२०० वाल्यावर अशी कुठलीच सक्ती नाही, आणि सेलमध्ये ‘घसघशीत सूट’ म्हणून नेमका तोच गळ्यात मारतात. पंख्याचं मान्य. पण आवाज वॅटवर नाही, पंख्याच्या आलेखावर ठरतो.

वायरमन_काका

तुमचं चालू द्या, पण तुम्ही दोघंही लॅबमध्ये राहता की काय? आपल्याकडे पहिला प्रश्न एकच: लाइट गेल्यावर काय? घरातला इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला ३०-४० मिलिसेकंद घेतो, यूपीएस मोडमध्ये दहाच्या आसपास. एसएमपीएसने तेवढा वेळ आपल्या पोटातल्या विजेवर काढायचा असतो. तो काढता आला नाही की मशीन बंद. मग प्लॅटिनम असो नाहीतर हिरेजडित.

मीटर_ताई

काका नेहमीप्रमाणे गाडी इन्व्हर्टरवर घेऊन आलेच! पण यावेळी मुद्दा बरोबर आहे, म्हणून हिशोबच मांडते.

पोटातली वीज म्हणजे मोठा कॅपॅसिटर, सुमारे ३९० व्होल्टला भरलेला. तो ३०० च्या आसपास उतरेपर्यंत पुढचा भाग चालतो. ४७० मायक्रोफॅरडचा असेल तर या उतारात साधारण साडेचौदा ज्यूल मिळतात. रूपांतरातला तोटा धरून १००० वॅट लोडला हे १४ मिलिसेकंदांत संपतात. सव्वापाचशेला २६ पुरतात. ६०० मायक्रोफॅरड असेल तर त्याच सव्वापाचशेला ३२-३३. आता बघा, मोठ्या वॅटच्या एसएमपीएसमध्ये कॅपॅसिटर बहुधा मोठा असतो. म्हणजे रेल_रोको यांनी भलत्याच कारणासाठी सांगितलेला सल्ला इथे थोडासा खरा ठरतो.

रेल_रोको

‘भलत्याच कारणासाठी’ आणि ‘थोडासा’. उपकार झाले.

तारेवरची_कसरत

आणि तरी उपयोग शून्य! ताईंच्याच आकड्यांनी दोन्ही डबे यूपीएस मोडच्या दहा मिलिसेकंदांत आरामात तरतात, आणि साध्या मोडच्या चाळीसमध्ये दोन्ही मान टाकतात. फरक पाडते ती इन्व्हर्टरच्या मागची मोड बदलायची कळ, ३५० वॅटचं ओझं नव्हे.

वायरमन_काका

कळ फिरवली म्हणजे प्रश्न सुटला, असं ज्याला वाटतं त्याने गावाकडचं व्होल्टेज बघितलेलं नाही. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर १८० च्या खाली मेन्स घेतच नाही. संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज १७० वर येतं, आणि लाइट असूनही तुमचं मशीन बॅटरीवर. आधी बॅटरी मरते, मग मशीन. इकडे एसएमपीएसवर लिहिलेलं असतं १०० ते २४०, तो १७० वर तक्रारही करत नाही. तेव्हा इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवूच नका. वेगळा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेज उतरलं तरी बॅटरीला हात न लावता सावरून घेणारा) घ्या, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे मेन्ससारखीच गुळगुळीत वीज देणारा.

आणि घेताना व्हीए (यूपीएसवर छापलेला व्होल्ट-अँपिअरचा आकडा) बघू नका. १००० व्हीएचा स्वस्त यूपीएस म्हणजे साधारण ६०० वॅट. त्यावर तुमचं सव्वापाचशेचं मशीन आणि मॉनिटर लावला की लाइट जाताक्षणी तो ओव्हरलोड म्हणून बोंबलतो.

गल्ली_क्रमांक_तीन

म्हणजे १२०० वॅटच्या एसएमपीएसला दोन केव्हीएचा (२००० व्हीए) यूपीएस लागेल ना? दुकानदार तेच म्हणाला.

मीटर_ताई

नाही हो. एसएमपीएस लोडला लागेल तेवढंच ओढतो. १२०० ही ताकद आहे, भूक नाही. यूपीएस लोडवरून ठरतो. दुकानदाराला ते ठाऊक असणार, पण त्याला यूपीएस विकायचाय.

भिंतीतल्या सॉकेटचंही तेच. १००० वॅट पूर्ण ओढले तरी भिंतीतून पाच अँपिअरच्या आत, सहाचा सॉकेट पुरतो. १६०० वाला पूर्ण लोडवर साडेसातच्या वर जातो. तिथे सोळाचाच हवा.

वायरमन_काका

सॉकेटवरून आठवलं. तिसऱ्या पिनला अर्थिंग आहे का ते कोणी बघत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की पेटतो, आणि लोक एसएमपीएस बदलायला पळतात! एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ नसला की बॉडी मधेच लोंबकळते, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, पण हात झटकायला पुरेसा. हजाराचा घ्या नाहीतर लाखाचा, झिणझिण्या तशाच. मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजा, २३० च्या जवळ आले पाहिजेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. ते जमेपर्यंत स्पाइक बस्टरचाही फारसा भरवसा धरू नका.

रेल_रोको

धागा एसएमपीएसचा होता. आता काका पाण्याची टाकी कशी धुवायची तेही सांगतील.

वायरमन_काका

टाकी राहू दे. तुझ्या फुल मॉड्युलरचा उपयोग काय ते आधी सांग. २४ पिनी आणि प्रोसेसरची केबल लावल्याशिवाय मशीन सुरू होतं का? मग त्या काढता येण्यात कसलं कौतुक?

रेल_रोको

उद्या एसएमपीएस गेला तर केबल कॅबिनेटमध्ये तशाच ठेवून फक्त डबा बदलता येतो. हे कौतुक.

तारेवरची_कसरत

थांबा! हे वाक्य वाचून कोणाची तरी एसएसडी जाईल. मदरबोर्डकडच्या टोकाच्या पिना ठरलेल्या आहेत. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंच मानक नाही. कंपनी बदलली की क्रम बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा असतो. खाच तंतोतंत बसते, पण पाचच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि साटा केबलवरची प्रत्येक डिस्क एका क्षणात गार. डबा बदलला की सगळ्या केबल बदलायच्या. तोच डबा, तेच मॉडेल असेल तरच जुन्या.

रेल_रोको

बरं, ‘त्याच मॉडेलचा डबा’ असं वाचा. घाई झाली. पण मग दोन टोकांचं म्हणत असाल तर कार्डाला वीज देणाऱ्या बारा अधिक चार पिनीच्या केबलवर कोणीच का बोलत नाही? जळतंय ते तिथे.

मीटर_ताई

जळतं, आणि त्याला वॅट कारण नाहीत. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, सहा तारांत वाटले तर प्रत्येकी ८.३. पिनेची क्षमता नऊच्या थोडी वर, म्हणजे हात राखायला जागाच नाही. दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर साडेबारा, आणि उष्णता वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणून सव्वादोन पट. जुन्या आठ पिनीला १५० वॅट, तीन तारांत ४.२ अँपिअर. तो निवांत होता.

तेव्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, फट राहिली नाही ते टॉर्च लावून बघा, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ ठेवूनच वळवा. बाजूच्या काचेला टेकत असेल तर कॅबिनेट लहान आहे, केबल वाईट नाही. आठ पिनीवाल्या कार्डांना एका केबलची दोन तोंडं लावू नका, कार्डावरच्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल.

रेल_रोको

ठीक. ५०७० टीआयला ८५० पुरेल, मानलं. ५०९० ला मात्र नाही. ते कार्डच ५७५ वॅटचं आहे, एनव्हिडिया स्वतः १००० सांगते.

तारेवरची_कसरत

५०९० ला १००० घ्याच, कोण नको म्हणालं? वाद ‘डोळे झाकून’ शी होता.

गल्ली_क्रमांक_तीन

मग एटीएक्स ३.० घेऊ की ३.१? दुकानदार म्हणतो नवीन ते चांगलं.

मीटर_ताई

कनेक्टर ३.१ चा बरा. सेन्स पिना (किती वॅट मिळतील ते कार्डाला सांगणाऱ्या छोट्या पिना) आखूड केल्यात, अर्धवट बसला तर कार्ड पूर्ण वॅट मागतच नाही. पण ३.० मध्ये लाइट गेल्यावर ८० टक्के लोडला १७ मिलिसेकंद टिकायची अट होती, ती ३.१ ने काढली. आता पूर्ण लोडला १२ एवढीच. काही कंपन्यांनी लगेच कॅपॅसिटर लहान केले. तेव्हा डब्यावरचा आकडा सोडा, चाचणी अहवालात होल्ड-अप टाइम (हाच टिकायचा वेळ) किती मिलिसेकंद लिहिलाय ते बघा.

वायरमन_काका

बघितलंत? शेवटी गाडी इन्व्हर्टरवरच आली.