विषय: डिसेंबरात कोकणात माउंटन बाइक – कुणाला कुठली वाट?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आपल्या मंडळातले नऊ जण दापोली-गुहागर पट्ट्यात आहेत. तिघे नवखे, त्यात एक १२ वर्षांचा. चौघे इकडच्या जंगलांतल्या निळ्या ट्रेलवर आरामात जाणारे, आणि दोघे लाल-काळ्यावरच रमणारे. (इकडे ब्रिटनमध्ये ट्रेलचा अवघडपणा रंगाने सांगतात: हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, लाल, आणि काळी सर्वांत अवघड.) मला तिन्ही गटांसाठी तीन वेगळ्या वाटा हव्यात, सगळ्यांना एकत्र फरपटत न्यायचं नाही. सायकली इथूनच आणतोय, एक ई-बाइकही आहे. गावाकडच्या सदस्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

– ताई (कार्डिफ)

---

ताई,

आधी रंगांचं. तिकडे ट्रेल बांधणाराच रंग ठरवतो आणि पाटी लावतो. इकडे सायकलसाठी कुणी वाट बांधलेली नाही. गुरांनी, बैलगाड्यांनी आणि विहिरीवर जाणाऱ्या बायकांनी जी पाडली ती वाट. त्यामुळे चढ किती यापेक्षा चाकाखाली काय आहे आणि महिना कुठला, यावर तिचा रंग ठरतो. डिसेंबरात निळी म्हणावी अशी पाखाडी (दगडी पायऱ्यांची गाववाट) ऑगस्टात शेवाळाने काळीकुट्ट झालेली असते. मोजायचंच असेल तर अमेरिकन पद्धत इथे बरी लागू पडते: हिरव्या वाटेची रुंदी निदान ३६ इंच आणि सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आत, निळी २४ इंच, १० टक्के, काळी १२ इंच, १५ टक्के. (त्यांच्यात लाल नाहीच.) आपल्या भाषेत सांगायचं तर गाडीवाट हिरवी, सड्यावरची (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरची) पायवाट निळी आणि सड्यावरून खाली बंदराकडे उतरणारी घाटी काळी. दीडशे मीटरचा उतार एका किलोमीटरात संपवणाऱ्या घाट्या इथे पुष्कळ आहेत. म्हणजे १५ टक्के, तेही सरासरी.

नवख्यांना पहिल्या दिवशी जंगलात नेऊच नका. मुरूड ते कर्दे पुळणीवर न्या. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट असते, पडलं तरी लागत नाही, आणि ब्रेक, गिअर, तोल सगळं तिथे शिकवता येतं. वेळ मात्र गाठायला हवी. जुनं गणित: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी, सायकलला उत्तम. एकादशीला सव्वाआठला भरती, मग दुपारी दोनशिवाय वाळू मोकळी नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत चाक रुततं, तिथे मुलाला पेडल मारायला लावू नका, उतरून ढकलू द्या. दुसऱ्या दिवशी काजूच्या बागांमधली गाडीवाट, लाल मातीची, सहा-सात किलोमीटर पुरे.

आता चौघांचा सडा. इथे थोडं थांबतो, कारण जांभ्याने (इथल्या लाल दगडाने) भल्याभल्यांना आडवं केलं आहे. सड्यावर दोन थर असतात: खाली कातळ, सिमेंटसारखा टणक, वर वाटाण्याएवढी लाल खडी. सरळ जाताना काही वाटत नाही. वळणावर ब्रेक दाबला की ती खडी छर्ऱ्यांसारखी घरंगळते आणि पुढचं चाक बाजूला निघून जातं. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात दोन्ही हात मोकळे, बाहेरच्या पेडलवर वजन. चौघांपैकी एक जण तरी पहिल्या तासात सालटी काढून घेईल, हळदीची पुडी बरोबर ठेवा.

सड्याचा खरा धोका मात्र चिरेखाणी. जुन्या सोडलेल्या खाणींच्या भिंती उभ्या कापलेल्या असतात, दोन-तीन पुरुष खोल, कठडा नाही. पावसाळ्यानंतर गवत थेट काठापर्यंत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि डिसेंबरात ते वाळून त्याच मातीच्या रंगाचं होतं. म्हणून निघण्याआधी उपग्रहाच्या नकाशावर तो सडा नीट बघा: चौकोनी, काटकोनी कडांचे खड्डे दिसले की ती खाण. नकाशावर नसलेली नवी खाणही असू शकते, तेव्हा गवतात शॉर्टकट मारायचा नाही, मळलेली वाटच धरायची.

आणि कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी ती आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव आलं. काहींना दगडांचा गडगा घातलेला आहे, काही उघडीच आहेत, नुसत्या उथळ रेषा. तिरक्या उन्हात दिसतात, भर दुपारी नाही. सायकल लांब लावून चालत जा.

दोघा पटाईतांना सड्यावरून गावात उतरणारी एखादी पाखाडी द्या, पण आधी चढून जायला लावा. पायी चढताना जे दिसतं ते वरून येताना दिसत नाही. पाखाडीची पायरी वीतभर उंच, कडा गोल झिजलेल्या, आणि माडा-पोफळींच्या सावलीत जानेवारीपर्यंत हिरवी. हिरव्या दगडावर पुढचा ब्रेक अजिबात नाही, वळणही नाही. सरळ, सीट खाली, पार्श्वभाग मागे. पोफळीची पडलेली विरी (झावळीच्या बुडाचा रुंद भाग) दिसली तर तिच्यावर चाक घालू नका, केळीच्या सालापेक्षा वाईट घसरते.

पाखाडीच्या शेवटी बहुतेक वेळा बेडं असतं: गडग्याच्या फटीत आडवे घातलेले बांबू. वेगात येणाऱ्याच्या ते थेट छातीवर येतात. उघडलंत तर बंद करा, नाहीतर गुरं आत शिरून कुणाची भाजी फस्त करतील आणि पुढच्या वेळी वाट बंद. हल्ली बेड्यांच्या जागी काटेरी तार आली आहे, ती संध्याकाळी पाचनंतर दिसत नाही. साडेचारला सायकली अंगणात हव्यात.

इथलं रान बहुतेक खाजगी आहे. वाडीत शिरल्यावर पहिल्या घराशी थांबून विचारा, पुढच्या वाडीला आपोआप फोन जातो. देवराईत सायकल नको. आंबा मोहोरायच्या दिवसांत बागेत फवारणी चालू असते. वाटेवर आडव्या टाकलेल्या नळ्यांवरून चाक नेलंत तर बागवाला पाहुणा वगैरे बघणार नाही, आणि तो बरोबरच असेल.

– अण्णा (दापोली)

---

अण्णांच्या मेलला जोडून फक्त सामानाचं लिहितो.

ताई, ई-बाइक विसरा. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि बहुतेक ई-माउंटन बाइकची बॅटरी त्याच्या तिप्पट-चौपट असते. बॅटरीशिवाय ती सायकल म्हणजे २० किलोचं लोढणं.

जांभ्याचा कातळ जाळीदार असतो आणि त्याच्या भोकांच्या कडा ब्लेडसारख्या. तो टायरच्या माथ्याला नाही, बाजूला कापतो. म्हणून हलके, पातळ टायर घरी ठेवा, जाड बाजूंचे चढवा. २९ इंची, २.४ रुंदीचे ट्यूबलेस असतील तर ७५ किलोच्या माणसाला पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआय (हवेचा दाब). इकडच्या ओल्या मातीत चालतात त्यापेक्षा दोन-तीन जास्त. त्याहून कमी ठेवलंत तर रिम कातळावर आपटते, त्याहून जास्त तर त्या खडीवर पकड राहत नाही. सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) प्रत्येक चाकात १०० ते १२० मिलिलिटर, निघण्याच्या आठवड्यात ताजं. उकाड्यात ते लवकर सुकतं. प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) ५-६ मिलिमीटरपर्यंतचं भोक धरतो. बाजूची चीर त्याहून मोठी असली की आत ट्यूब घालावी लागते, आणि ट्यूब चिरेतून बाहेर फुगू नये म्हणून जुन्या टायरचा ३ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा आतून लावायचा. तो विसरलात तर दुधाच्या पिशवीची चौघडी घरापर्यंत आणते.

गावातल्या सायकलवाल्याकडे प्रेस्टा व्हॉल्व्हचा (आपल्या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हचा) पंप नसतो. पितळी अडॅप्टर माणशी दोन घ्या, ते हमखास हरवतात. प्रत्येक सायकलचा स्वतःचा डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा) घ्या, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. १२ गिअरच्या चेनला १२चीच क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). सीओटू सिलिंडरऐवजी हातपंप.

खोक्यात भरताना डिस्क काढून वेगळ्या पुठ्ठ्यात ठेवा आणि ब्रेक पॅडच्या फटीत प्लास्टिकची चकती अडकवा. ती नसताना प्रवासात लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन पॅड मिटतात आणि मुक्कामी चाक बसत नाही. झालंच तर घाबरू नका, टायर लिव्हरने दोन्ही पॅड हळूहळू मागे रेटा. स्क्रूड्रायव्हर नको, पॅडला खाच पडते.

पुळणीवरून आल्यावर त्याच संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने धुवा. गाड्या धुवायचा जोराचा फवारा नको, तो खारट पाणी बेअरिंगमध्ये ढकलतो. चेन फडक्याने कोरडी करून लगेच तेल. सकाळी करू म्हणाल तर सकाळी ती तांबडी झालेली असेल.

– लेस्टरचा वर्कशॉपवाला

---

नमस्कार,

कुणी पुढे खाली सिंधुदुर्गात यायचं म्हणत असेल तर. आंबोली ६९० मीटरवर आहे, थंडीत सुरेख. पण घाटाच्या मुख्य रस्त्यावर ट्रक-एसटीची वर्दळ, तो नवख्यांचा नव्हे. वर पोचल्यावर चौकुळच्या बाजूची वाट धरा. तिलारी-दोडामार्गकडे रानटी हत्ती आहेत, तिकडच्या रानात सायकल घालूच नये. वाडीतला माणूस ‘हंयसून जाव नकात’ (इथून जाऊ नका) म्हणाला की वाद न घालता मागे फिरायचं.

दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात जानेवारी ते मे माकडतापाचे दिवस. २०१६ पासून इथे तो आहे, गोचिडीतून पसरतो. पालापाचोळ्यात बसू नका, लांब मोजे पँटवरून ओढा, कीटकरोधक तेल लावा, परतल्यावर काखा-जांघा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

फणसाड असो की कुठलंही अभयारण्य, वनखात्याच्या परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आणि पायी परवाना म्हणजे सायकलचा परवाना नव्हे. गेटवर स्पष्ट विचारून घ्या.

सड्यावर फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, दगडाखाली. पंक्चर काढायला बसण्याआधी जागा बघा, दगड हाताने उचलू नका. चावलंच तर आवळून बांधणं नाही, चिरणं नाही. अवयव हलवू नका आणि १०८ ला फोन. विंचवालाही हेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार माहीत झाला, पण वेळेत पोचणं आपल्याकडेच.

– सावंतवाडीकर

---

अण्णा, लेस्टरदादा, सावंतवाडीकर, मनापासून आभार. ई-बाइक रद्द. एक शंका: पाणी किती? आणि १२ वर्षांच्या मुलाला सड्यावर शेवटच्या दिवशी तरी नेता येईल का?

– ताई

---

ताई, माणशी तीन लिटर. सड्यावर सावलीही नाही आणि पाणीही नाही. साडेसहाला निघा, दहाच्या आत खाली. मुलाला न्या, पण त्याचे टायर १८ पीएसआयवर आणा (तो ४० किलोच्या आत असेल असं धरून), सीट एवढी खाली की दोन्ही पाय टेकतील, आणि खडी दिसली की उतरून चालायचं हे आधीच ठरवा. त्याच्या पुढे नको, मागे मोठं माणूस ठेवा. पुढे असलेल्याला गाठायला मुलं ब्रेक सोडतात.

– अण्णा