फ्लाइट असिस्ट बंद केलं की जहाज ताब्यातच राहत नाही, तुम्ही कसं शिकलात?

धूमकेतू_७

मंडळी नमस्कार. एलिट डेंजरस (अवकाशात जहाज उडवायचा गेम) खेळायला लागून महिना होत आला, कीबोर्ड आणि माऊस वापरतो, जहाज अजून सुरुवातीचंच साइडवाइंडर. असिस्ट, म्हणजे जहाज आपोआप सावरणारा कॉम्प्युटर, चालू असताना बऱ्यापैकी जमतं, म्हणजे सुपरक्रूझमधून (लांबच्या प्रवासाच्या अतिवेगातून) बाहेर येतो, साडेसात किलोमीटरच्या आत गेलो की डॉकिंगची परवानगी मागतो, फिरत्या स्टेशनच्या फटीतून आत शिरतो, पॅडवर उतरतो, वेळ लागतो पण उतरतो. पण झेड दाबून असिस्ट बंद केलं की जहाज माझं राहतच नाही.

काल काय झालं ते सांगतो म्हणजे कुठे चुकतंय ते तुम्हाला कळेल. स्टेशनपासून तीनेक किलोमीटरवर होतो. नाक बरोबर फटीकडे, हिरवे दिवे उजवीकडे, लाल डावीकडे, सगळं पाहिजे तसं. तरी स्टेशन स्क्रीनवर हळूहळू उजवीकडे जायला लागलं म्हणजे मी डावीकडे सरकत होतो. म्हणून नाक उजवीकडे वळवलं, फरक नाही, अजून वळवलं तर जहाज वळतच राहिलं, थांबेना, आणि सरकणं चालूच. मग थांबवायला उलटा माऊस फिरवला तर उलट्या बाजूला गरगर. शेवटी फट परत समोर दिसली तेव्हा पुढे जायचं डब्ल्यू दाबून धरलं आणि फटीच्या कडेवर जाऊन आदळलो, शील्ड गेली, वर दंडही बसला कारण वेग शंभरच्या वर होता.

व्हिडिओ पुष्कळ बघितले पण त्यात लोक इतक्या सहज फिरवतात की हात नेमकं काय करतोय तेच दिसत नाही. मला मनापासून शिकायचंय, डॉकिंग कॉम्प्युटर लावून मोकळं व्हायचं नाहीये. सुरुवात कुठून करू?

अवकाशवेडी

धूमकेतू, तू इतकं नीट लिहिलंयस की चूक लगेच दिसतेय. तू डावीकडे सरकत होतास आणि त्यावर उपाय म्हणून नाक वळवलंस. असिस्ट चालू असताना ते चालतं कारण तू नाक वळवलंस की कॉम्प्युटर गुपचूप बाजूचे थ्रस्टर (छोटी इंजिनं) मारून जुनी गती संपवतो आणि नाकाच्या दिशेने नवी देतो. असिस्ट बंद केलं की ते काम तुझ्याकडे आलं. आता नाक कुठे आहे आणि जहाज कुठे चाललंय या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, नाकाने फक्त एवढंच ठरतं की मेन इंजिन कुठल्या दिशेने ढकलणार. डावीकडे सरकत होतास तर नाक तसंच ठेवून ई दाबायचं होतं, थोडंसं, उजवीकडे ढकलणाऱ्या थ्रस्टरचं. क्यू आणि ई आडवं, आर आणि एफ उभं. या चार बटणांवर बोटं आपोआप जायला लागली की अर्धं काम झालं समज.

आणि स्टेशनवर सराव करू नकोस सध्या, तिथे दंड, बाकीची जहाजं, घड्याळ, सगळं एकदम अंगावर येतं. एखाद्या ग्रहाच्या कड्यात जा, एकच मोठा दगड निवड, त्याच्यापासून पाचशे मीटरवर पूर्ण थांब. मग असिस्ट बंद कर आणि फक्त ई दाबून दोन सेकंद आडवी गती घे. काहीही न करता बघत राहा. दगड डावीकडे जाईल. आता क्यू दाबून बरोबर शून्यावर आण. हे जमेपर्यंत माऊसला हातच लावू नकोस. मग हेच वर-खाली कर, मग पुढे-मागे. मी हे पहिले चार दिवस रोज अर्धा तास केलं होतं, कंटाळवाणं वाटतं पण मला तरी याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही.

त्याच्या पुढचा धडा म्हणजे दगडाभोवती गोल फिरायचं, नाक सतत दगडाकडे ठेवून. आडवी गती घेतलीस आणि नाक वळवत राहिलास तर तू गोल फिरणार नाहीस, सरळ रेषेत लांब जात राहशील, फक्त तोंड दगडाकडे राहील. गोल फिरायचं तर सतत थोडं पुढे ढकलत राहावं लागतं, दगडाच्या दिशेने. हिशोब साधा आहे, वेगाचा वर्ग भागिले अंतर. पन्नास मीटर प्रति सेकंद आणि पाचशे मीटर अंतर असेल तर सेकंदाला पाचच्या हिशोबाने आत ढकलायचं. आकडा लक्षात ठेवायची गरज नाही पण वेग दुप्पट केलास तर चौपट ढकलावं लागतं हे मात्र ठेव, कारण वेगात फिरताना जहाज बाहेर का फेकलं जातं ते त्यातच आहे. ज्या दिवशी डब्ल्यू हलकेच टपटप दाबत दगड एकाच आकाराचा दिसत राहील त्या दिवशी तुला आतून कळेल, मला अजून तो क्षण आठवतो.

हो आणि स्क्रीनवर बारीक धूळ उडताना दिसते ना, तिच्याकडे बघायची सवय लाव. तुझी खरी दिशा ती सांगते.

जुना_थ्रॉटल

ताईंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त सेटिंगचं बोलतो कारण तुझी "वळतच राहिलं, थांबेना" ही तक्रार अर्धी माऊसची असणार. बाय डिफॉल्ट माऊस जिथे सोडलास तिथेच धरला जातो, म्हणजे मधल्या ठिपक्यापासून जरा बाजूला राहिला तरी जहाजाला वळण्याचा हुकूम चालूच. असिस्ट असताना ते फक्त संथ वळतं, असिस्ट नसताना वळण साठत जातं, प्रत्येक सेकंदाला जास्त. कंट्रोल्समध्ये रिलेटिव्ह माऊसचा पर्याय आहे, तो चालू केला की हात थांबला की पॉइंटर आपोआप मध्ये येतो. दोन्ही अक्षांना चालू कर आणि डेड झोन (मधला जो भाग माऊस हलला तरी मोजला जात नाही तो) थोडा वाढव. कोणाला आवडतं कोणाला नाही, पण शिकताना लाव.

दुसरं म्हणजे यॉवर (नाक डावी-उजवीकडे वळवण्यावर) अवलंबून राहू नकोस, ए आणि डीने वळणं या गेममध्ये मुद्दाम मंद ठेवलंय. पटकन वळायचं तर आधी रोल करून (जहाज कुशीवर फिरवून) लक्ष्य डोक्यावर आण आणि मग पिच करून (नाक उचलून) वर खेच. यॉ फक्त शेवटच्या दोन-चार अंशांसाठी. आणि असिस्ट चालू असेल तेव्हा थ्रॉटलचा निळा पट्टा सोडू नकोस, जहाज सगळ्यात चपळ तिथेच वळतं, फुल थ्रॉटलवर वळायचा प्रयत्न करणारे नवीन लोक उगाच जहाजाला दोष देतात.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. असिस्टचं बटण टॉगलऐवजी होल्डवर टाकता येतं. म्हणजे झेड दाबून धरलंस तेवढाच वेळ असिस्ट बंद, सोडलं की चालू. घाबरलास की बोट उचलायचं, कॉम्प्युटर गरगर थांबवतो, तू श्वास घेतोस, परत दाबतोस. मी दोन महिने असंच उडवलं. लढाईतसुद्धा बरेच जण पूर्ण वेळ असिस्ट बंद ठेवतच नाहीत, पटकन उलटं फिरण्यापुरतं बंद करतात.

पुढे जॉयस्टिक घेतलीस तर आधी हात न लावता अक्ष स्थिर आहे का ते बघ. माझी जुनी काठी आपोआप थोडी डावीकडे ओढत होती आणि मी कित्येक आठवडे स्वतःचाच हात वाईट समजत होतो.

नॅव्हबॉल

मी कर्बल स्पेस प्रोग्राम हा रॉकेट बनवून उडवायचा गेम खेळणारा, एलिट थोडंच खेळलोय, पण मला वाटतं धूमकेतूने पंधरा दिवस कर्बल खेळून बघावं. तिथे गती कुठल्या दिशेला आहे ते डोळ्यांना दिसतं, दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावर पिवळं चिन्ह असतं, नाक वेगळं आणि ते पिवळं चिन्ह वेगळं, त्यामुळे वर ताई जे सांगताहेत ते शब्दांत समजून घ्यावंच लागत नाही. टार्गेट मोडला टाकलं की वेग समोरच्या यानाच्या तुलनेत दाखवतो. उलट्या दिशेचं चिन्ह धरून इंजिन लावायचं, आकडा शून्यावर आला की तुम्ही दोघं एकमेकांसाठी स्थिर, भले खाली कर्बिन या गेममधल्या ग्रहाभोवती दोन हजारहून जास्त मीटर प्रति सेकंदाने पळत असाल. मग शेवटच्या टप्प्यात आरसीएस (छोटे थ्रस्टर) लावून आय जे के एलने बाजूला, एच एनने पुढे-मागे. कॅप्स लॉक दाबलं की थ्रस्टर हलक्या हाताने चालतात, ते विसरू नको.

आणि धूमकेतू, "नाक तिकडे, मग तिकडे जायला पाहिजे" हे फक्त तुलाच वाटलं असं नाही. जून 1965 मध्ये नासाच्या जेमिनी 4 यानातून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न करत होता. टेस्ट पायलट माणूस. टप्प्याकडे तोंड करून थ्रस्टर मारले, आणि टप्पा जवळ यायच्या ऐवजी लांब जायला लागला. कारण कक्षेत पुढे ढकललं की तुम्ही वरच्या कक्षेत जाता आणि तिथे फेरीला जास्त वेळ लागतो, म्हणजे मागे पडता. बरंच इंधन जाळून शेवटी नाद सोडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेमिनी 6ए जेमिनी 7 च्या एका फुटापर्यंत गेलं, आणि 16 मार्च 1966 ला जेमिनी 8 मध्ये आर्मस्ट्राँग आणि स्कॉटने पहिलं डॉकिंग केलं. आठ-नऊ महिन्यांत एवढा फरक.

त्या जेमिनी 8 चं पुढचं तुझ्या गरगरण्याशी थेट जुळतं. डॉकिंगनंतर एक थ्रस्टर चालूच राहिला, यान सुटं केल्यावर तर फिरण्याचा वेग सेकंदाला एक फेरी इतका झाला. आर्मस्ट्राँगने मुख्य थ्रस्टर बंद केले आणि परतीसाठी राखलेले वेगळे थ्रस्टर वापरून आधी फक्त फिरणं थांबवलं. तूपण तेच कर, गरगरायला लागलं की कुठे चाललोय याचा विचार सोड, डब्ल्यूला हात लावू नको, आधी फिरणं शून्य, मग सरकणं शून्य, मग पुढे जायचं. तू काल फिरत असतानाच डब्ल्यू दाबलंस, तिथे गेलं जहाज.

सरळरेषा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. कक्षेचं गणित एलिटमध्ये लागू होत नाही, तिथे स्टेशनजवळ तू कक्षेत आहेस असं काही जाणवत नाही आणि असिस्ट बंद करूनही वेगाला कमाल मर्यादा आहेच. त्यामुळे कर्बलमधून सवयी घेऊन आलास तर काही सोडाव्या लागतील. नाक आणि गती वेगळी हे मात्र दोन्हीकडे खरं, तेवढं घे.

माझं म्हणणं थांबण्याच्या अंतराबद्दल आहे, त्यावर कोणीच बोललं नाही. समज तुझे थ्रस्टर सेकंदाला दहाच्या हिशोबाने वेग कमी करतात. शंभरच्या वेगाला थांबायला दहा सेकंद आणि पाचशे मीटर. दोनशेच्या वेगाला वीस सेकंद आणि दोन हजार मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. नवीन माणूस शंभरला जमलं म्हणून दोनशेने येतो आणि अंदाज दुपटीचाच धरतो. म्हणून फटीकडे येताना दोन किलोमीटरवर एकदा पूर्ण थांबायची सवय कर, मग पन्नासने ये. सुपरक्रूझमध्ये लोक पोहोचायला सात सेकंद उरले की थ्रॉटल पाऊणवर आणतात तेही थोडं तसंच, उशिरा वेग कमी केला की ग्रह मागे टाकून पुढे जातोस आणि वळसा घालून यावं लागतं.

आणि थांबून परत मागे जाण्यात काही कमीपणा नाही. इस्रोच्या स्पेडेक्स या उपग्रह जोडण्याच्या प्रयोगात 12 जानेवारी 2025 ला दोन उपग्रह तीन मीटरपर्यंत आणले आणि परत सुरक्षित अंतरावर नेले, डेटा बघितला, मग 16 तारखेला जोडले. नीट रेषेत नाहीस असं वाटलं की एस दाब, मागे ये, परत लाव.

नॅव्हबॉल

सरळरेषा, कक्षेचा मुद्दा मान्य, मी डोळ्यांना दिसण्याच्या फायद्यासाठी म्हटलं होतं. थांबण्याचं अंतर मात्र फार महत्त्वाचं सांगितलंत.

धूमकेतू_७

सगळ्यांचे खूप आभार, नऊ दिवसांनी लिहितोय कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

रिलेटिव्ह माऊस लावला, असिस्ट होल्डवर टाकलं. दगड शोधला, लांबट होता, एका बाजूला खाच असलेला, त्यामुळे मी किती सरकलो ते खाचेवरून कळायचं. पहिले दोन दिवस नुसतं ई आणि क्यू. शून्यावर आणताना दर वेळी थोडं जास्त दाबलं जायचं आणि जहाज उलट्या बाजूला निघायचं. मग लक्षात आलं की मी दगड थांबेपर्यंत बटण धरून ठेवतोय, थांबायच्या जरा आधी सोडायला पाहिजे आणि उरलेलं छोट्या टिचकीने. चौथ्या दिवशी धूळ दिसायला लागली, म्हणजे आधीही होती पण आता तिच्यावरून कळायला लागलं कुठे चाललोय. गोल फेरी कालच पूर्ण झाली, खाच चारदा समोरून गेली आणि दगडाचा आकार जवळपास तेवढाच राहिला. ताई, तुम्ही म्हणालात तो क्षण खरंच आला.

आज स्टेशनवर गेलो. दोन किलोमीटरवर थांबलो, पन्नासने आलो, एकदा रेष चुकली म्हणून मागे आलो, दुसऱ्यांदा असिस्ट बंद ठेवून फटीतून आत गेलो, कुठेही न लागता. आत गेल्यावर मात्र झेड सोडलं कारण स्टेशन फिरत होतं आणि पॅड खालून सरकत चाललं होतं. आत असताना काय करता तुम्ही?

अवकाशवेडी

अरे वा, फार आनंद झाला वाचून! नऊ दिवसांत फटीतून म्हणजे तू माझ्यापेक्षा लवकर शिकलास. आत झेड सोडलंस ते बरोबरच केलंस, सध्या तसंच कर. असिस्ट चालू असताना रोटेशनल करेक्शन जहाजाला स्टेशनबरोबर फिरवत ठेवतं, उजव्या पॅनेलमध्ये ते चालू आहे ना तेवढं बघून घे. असिस्ट बंद ठेवून आत उतरायचं असेल तर स्टेशनचं फिरणं तुला सतत हाताने जुळवावं लागेल, म्हणजे तोच दगडाचा गोल फक्त आतल्या बाजूने. पुढच्या आठवड्यात त्या दगडाभोवती फिरताना नाक दगडाकडे न ठेवता पोट दगडाकडे ठेवून फिरून बघ, आर आणि एफवर. ते जमलं की इथे येऊन सांग, मग पॅडवर कसं उतरायचं ते लिहिते.