सोसायटीच्या लोकांनी मोडलेलं सागवानी मखर आता मलाच 'जरा फेविकॉल लावून द्या' म्हणतायत, काय करू?

रविवारचा_सुतार
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची डोंबिवलीतली सोसायटी, गणपती दरवर्षी खाली पार्किंगमध्ये बसतो. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मीटिंगमध्ये आता मखराचं काय यावर बराच काथ्याकूट झाला, कोणी म्हणे पुठ्ठ्याचं करू, कोणी म्हणे साड्यांचे पडदे लावू, आणि मी (नोकरी वेगळी, सुतारकाम शनिवार रविवार गॅलरीत) बोलून गेलो की मी लाकडाचं करतो. वखारीतून चांगला सीपी (मध्य प्रांतातला) साग आणला, लाकडाचे पैसे सोसायटीने दिले, मजुरी मी मागितली नव्हती आणि मला ती नकोही होती.

चार खांब, समोर महिरप, मागे जाळी, वर कळसाची पट्टी. अख्ख्या मखरात एक खिळा नाही की स्क्रू नाही. प्रत्येक आडव्या पट्टीचं कुसू (टोकाला कोरलेली जीभ) खांबातून आरपार जातं आणि बाहेरून त्यात पाचर बसते. पाचर खालून हलकेच ठोकून काढली की पट्टी हाताने निघून येते. कुठली पाचर कुठली हे कळावं म्हणून आतल्या बाजूला पटाशीने आकडे कोरलेत. सोडवायचं कसं याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, त्याला भरपूर अंगठे आले.

गेल्या अनंत चतुर्दशीला मी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होतो. आता कळतंय की विसर्जनानंतर आवरायला जी पोरं थांबली त्यांनी पाचरी न काढता दोन्हीकडून खांब धरून ओढाओढ केली. दोन कुसवं मुळातून तुटली, महिरपीचा डावा खालचा कोपरा उडाला. बरं तुटलं तर तुटलं, एक फोन करायचा! नाही. कोणीतरी महिरपीला फेविक्विक लावलं, ते धरलं नाही म्हणून वर लांबच लांब खिळा मारला, त्याने लाकूड आणखी चिरलं, मग सगळं सुतळीने बांधून मीटर रूममध्ये उभं केलं, जिथे पावसाळ्यात भिंतीवरून पाणी उतरतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काल जाऊन बघितलं. खांबाच्या भोकात तुटलेल्या कुसवाचं टोक तसंच अडकलंय आणि त्यात माझी पाचर अजून घट्ट, हलत नाही. तिने तिचं काम चोख केलं बिचारीने.

आणि सेक्रेटरींचा मेसेज काय, तर 'मखराला थोडं फेविकॉल लावायचंय, रविवारी येऊन जाल का, तुमच्याच हातचं आहे, अर्ध्या तासाचं काम'. अर्ध्या तासात तो खिळासुद्धा निघणार नाही धड.

तर प्रश्न दोन. मी हे करावं का? आणि करायचंच ठरलं तर कसं, कारण नवीन बनवणं मला येतं पण असलं पोस्टमॉर्टम कधी केलेलं नाही.

तिखट_शेव
अजिबात करू नका. फुकट केलेल्या कामाला किंमत नसते हे मी माझ्या सासरच्यांचे ब्लाऊज शिवून शिवून शिकलेय. बाहेरचा मिस्त्री बोलवायला सांगा, तो येऊन आकडा सांगेल ना, तो ऐकूनच सगळे गप होतील. तुम्ही नुसते बाजूला उभे राहा. आणि 'तुमच्याच हातचं आहे' म्हणजे काय? मोडलं कोणाच्या हातचं ते विचारा की.

पटाशी_आणि_रंधा
करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बाहेरच्या मिस्त्रीला देऊ नका एवढं सांगतो. आजकाल साइटवर प्लाय सनमायका करणाऱ्याला आरपार कुसू दाखवलं तर तो एल पट्टी आणि स्क्रू मारून मोकळा होईल, आणि मखर परत कधी सुटं होणार नाही.

आधी खिळा. मागून हातोडी मारून काढायला जाऊ नका, समोरचा पापुद्रा उडेल. पकडीखाली प्लायचा पातळ तुकडा ठेवा आणि हळूहळू डोलवत वर घ्या. खिळ्याभोवती काळा डाग असणार, कारण सागात टॅनिन असतं आणि लोखंड अधिक पाणी मिळालं की ते काळं पडतं. तो रंधा मारून जात नाही, आत मुरलेला असतो. ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, सुकू द्या, मग दोनदा साध्या पाण्याने पुसा. ग्लोव्ह्ज घाला, विषारी असतं, घरात लहान मुलं असली तर पावडर कुलपात. आणि हे सगळं चिकटवायच्या आधी.

फेविक्विक ही खरी डोकेदुखी. ते लाकडाच्या रेषांमध्ये शिरून काचेसारखं होतं आणि त्यावर दुसरा कुठलाच गोंद धरत नाही. ॲसिटोनचा बोळा ठेवून मऊ करा आणि जुन्या टूथब्रशने काढा. पॉलिश पेपर मारू नका! तुटलेली बाजू घासली की दोन तुकडे एकमेकात बसणं संपलं, मग कितीही गोंद ओता, मध्ये रेघ दिसणार म्हणजे दिसणारच. रेषेच्या दिशेने तुटलेलं लाकूड जसंच्या तसं जुळवलं तर चांगल्या गोंदाने मूळ लाकडाइतकं मजबूत होतं. ॲसिटोनचा दुसरा फायदा म्हणजे सागाचा तेलकटपणा वरून निघून जातो, त्यामुळे पुसल्यावर जास्त वेळ न घालवता चिकटवा.

महिरप वाकडी असल्यामुळे क्लॅम्प घसरेल. कापताना उरलेला गोलाईचा तुकडा ठेवला असेल तर तो उलटा लावून त्यावर क्लॅम्प आवळा. नसेल तर सायकलची जुनी ट्यूब लांब कापून ताणून गुंडाळा, तिच्याइतका सारखा दाब महागडा क्लॅम्पही देत नाही. रात्रभर हात लावू नका.

आता कुसवं. तुटलेलं कुसू परत चिकटवायच्या भानगडीत पडू नका, तिथे सगळा जोर येतो. आधी पाचर काढा, मग अडकलेल्या टोकाला मधोमध ड्रिल मारून पटाशीने आतल्या आत कोसळवा, भोकाच्या कडांना धक्का न लावता. पट्टीचं टोक सपाट कापा, त्यात खोल खाच घ्या आणि सागाचंच नवीन वेगळं कुसू त्यात चिकटवून बसवा. रेषा लांबीच्या दिशेनेच. कुसू पट्टीच्या बाहेर जेवढं, तेवढंच पट्टीच्या आत गेलं पाहिजे. पट्टीकडच्या टोकाला गोंद, खांबाकडच्या टोकाला थेंबही नाही, नाहीतर कायमचं जाम.

माजी_खजिनदार
मी जरा पलीकडच्या बाजूने बोलतो, शिव्या घाला हवं तर. आमच्या मंडळात मी बरीच वर्षं हिशेब बघितलाय. विसर्जन करून परत यायला रात्रीचे बारा वाजतात, ढोल वाजवून हात भरून आलेले, अर्धे भिजलेले, आणि प्रसाद खायला दोनशे माणसं असतात पण आवरायला तीच सहा पोरं. त्यांनी तुमचा व्हिडिओ त्या वेळी शोधून बघावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे हो. चूक आहेच, खिळा मारणं तर फारच, पण फोन न करण्यामागे उर्मटपणापेक्षा भीती असते, 'काका ओरडतील'.

माझं म्हणणं, पैसे घ्या. स्वतःला नको असतील तर सामानाचे तरी घ्या, आणि ते उत्सवाच्या खर्चात 'मखर दुरुस्ती' अशा वेगळ्या ओळीवर दिसले पाहिजेत. जमाखर्च नोटीस बोर्डवर लागतो ना, लोक बाकी काही वाचत नाहीत पण खर्चाची ओळ न् ओळ वाचतात. आणि सूचना मोबाईलवर नको, चार चित्रं काढून लॅमिनेट करून मखराच्या पाठीलाच लावा.

खाजं_आणि_लाडू
माझे आजोबा असते तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला असता, पण ते मालवणीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही 😄

आमच्याकडे सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी असते, लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तवसं, चिबूड, कवंडळं, हरणं अशी रानातली फळंफुलं, आंब्याचे टाळे बांधायचे. आमची चौकट आजोबांनी फणसाच्या लाकडाची केलेली. मुंबईहून आलेल्या एका चुलतभावाने (नाव घेत नाही, तो इथे वाचतो) फोटो छान यावा म्हणून नारळाची अख्खी पेंड (घड) एकाच कोपऱ्याला टांगली. रात्री आरती चालू असताना कोपरा कडाडला. मूर्ती वाचली, भटजी वाचले, समई आडवी झाली.

मुद्दा असा की चौकट दुरुस्त वडिलांनीच केली पण त्याला शेजारी बसवून. गोंदाचं काही करू दिलं नाही, फक्त लाकूड धरायचं आणि पॉलिश पेपर मारायचा, आणि फणसाचा पिवळा भुसा कपड्यांवर घेऊन तो तसाच जेवायला बसला. आता दरवर्षी माटवी बांधताना तोच सगळ्यांवर ओरडतो, नारळ चारी बाजूंना वाटून बांधा म्हणून. तुम्ही त्या पोरांना बोलवा की.

तिखट_शेव
हे बरं आहे, म्हणजे मोडायचं त्यांनी आणि वर शिकवणीही फुकट मिळणार. माझं मत तेच. पण ती 'खर्चाची ओळ' आवडली.

रविवारचा_सुतार
सगळ्यांचे आभार. सेक्रेटरींना फोन केला, मेसेज नाही. सांगितलं की अर्ध्या तासाचं नाही, दोन तीन रविवार जातील, सामानाचं बिल उत्सव खर्चात वेगळं दाखवायचं, मखर यापुढे मीटर रूममध्ये नाही तर क्लब हाऊसच्या माळ्यावर, आणि ज्यांनी ओढलं त्यातले दोघे तरी माझ्याकडे आले पाहिजेत. आधी 'अहो एवढं काय' झालं, मग मी म्हटलं ठीक आहे, बाहेरून करून घ्या, तर लगेच तयार.

तीन पोरं आली. त्यातला एक इंजिनिअरिंगचा, खिळा त्यानेच मारलेला. त्याला तोच खिळा काढायला दिला. अर्धी सकाळ गेली त्याची, घामाघूम, पण पापुद्रा उडू दिला नाही त्याने. डाग ऑक्झॅलिकने जवळजवळ गेला. खांबातली पाचर काढताना मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही, ते मीच केलं. महिरप ट्यूबमध्ये गुंडाळून ठेवलीय, कुसवं पुढच्या रविवारी. राग गेला का म्हणाल तर नाही, सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की अजून मी मजल्यांचे आकडे बघतो.

एकच राहिलं. जुनं पॉलिश चपडीचं (लाखेचं) आहे, हाताने बोळ्याने मारलेलं. पोरं म्हणतायत काका आता पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारू, टिकतं. काय करू?

पटाशी_आणि_रंधा
चपडीच. नवीन चपडी जुन्या चपडीत विरघळून एकजीव होते, त्यामुळे फक्त दुरुस्त केलेल्या जागी मारता येते, ठिगळ दिसत नाही. पीयू मारायचं तर अख्खं मखर घासून उघडं करावं लागेल, आणि पुढच्या वेळी मोडलं (मोडणार, सोसायटी आहे) तर परत अख्खं घासा. फक्त पाऊस चालू असताना मारू नका, हवेतल्या दमटपणाने पांढरट पडते. उघडीप बघून दुपारी अकरा ते तीनच्या मध्ये, पातळ पातळ हात. आणि स्पिरिट चांगल्या दुकानातून घ्या, पाणी घातलेलं मिळालं तर तोच पांढरटपणा उन्हातही येईल.